खोबरेलातली बाई

सावित्री : बघा, तुमच्या बाईचो पदर माझ्या बोटाक लागलो.

दत्तप्रसाद : तू चित्राला हात लावलास? अगं, तैलचित्र आहे ते. महिना होत आला, तरी वाळत नाही.

सावित्री : नदी वाळली, होडी वाळली, होडयेतलो माणूसय वाळलो. काठावरची बाई तेवढी वली. असा कसा?

दत्तप्रसाद : ती सगळ्यात शेवटी रंगवली. पुस्तकात दिलंय, वरच्या थरात तेल अधिक घालावं.

सावित्री : खयचा तेल?

दत्तप्रसाद : जवसाचं. ते संपलं होतं. संचिताकडे मागितलं असतं, तर इतक्यात संपलं कसं, असं तिनं विचारलं असतं.

सावित्री : नातीएवढी मास्तरीण तुमची, आणि तिका भियातास. (बोट हुंगत) ह्या तर माझ्या केसांचा तेल.

दत्तप्रसाद : खोबरेल. मला वाटलं, तेल ते तेल.

सावित्री : आणि बाटली संपता कशी म्हणान मी सुनेक बोललंय. जल्मभर वाचनालय सांभाळलास, खोबरेल वाळणा नाय ह्या एकाय पुस्तकात गावला नाय?

दत्तप्रसाद : हस तू. पण एका अर्थी बरंच झालं. संध्याकाळी संचिता न्यायला आली की सांग, चित्र ओलं आहे, रविवारच्या प्रदर्शनात लावता येणार नाही.

सावित्री : तरीच तोंडार सुटल्यासारखा दिसता. भियालास की तुमी आपली बोली सोडून असा पुस्तकातला बोलतास.

दत्तप्रसाद : अगं, आपल्या कट्टा गावच्या वाचनालयात लावणार आहेत. ज्यांना मी पुस्तकं दिली, ते सगळे येणार. छापील चित्राची नक्कल ती, तीही धड जमली नाही म्हणतील.

सावित्री : म्हणांदेत. वर्गात अशी नदी कोणाचीच व्हावत नाय, असा संचिता माका म्हणाली. तुमकाय म्हणाली, पण तुमी तेव्हा चप्पल शोधी होतास.

दत्तप्रसाद : माझं समाधान करायला म्हणाली असेल. तू टर्पेंटाइन कशाला घेतलंस?

सावित्री : वली आसा म्हणजे पुसता येता.

दत्तप्रसाद : थांब जरा. सावित्री, पुसलीस तू तिला.

सावित्री : खालची नदी तशीच आसा, बघा. आता तेल नको. नळयेतलो रंग तसोच लावा.

दत्तप्रसाद : पुन्हा नाही जमायची. छापील चित्रात ती पेराएवढी आहे. पाठ कशी वळते, तेच मला कळलं नव्हतं.

सावित्री : मगे ही पाठ बघा. कमरेर कळशी घेवन उभी रवलंय. लवकर करा, चुलीर पेज आसा.

दत्तप्रसाद : खांदा सैल सोड. थोडी डावीकडे.

सावित्री : म्हातारेची पाठ ती. वाकली आसा.

दत्तप्रसाद : असू दे वाकलेली. हलू नकोस.

सावित्री : अजून झाला नाय? बिघाडला काय?

दत्तप्रसाद : नाय. जरा हडे, माझ्याकडे बघ गो.

सावित्री : छापील चित्रातली पाठमोरी आसा मां? संचिता काय म्हणात?

दत्तप्रसाद : तिका सांग, चित्र सांभाळान ने. बाई अजून वली आसा.