इरफाननं सोडलेली सीट

आमी बाळापूरचे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, बापजाद्यापासून हेच. माहं माहेर चांदूर बाजारचं, तठीबी हेच काम, म्हणून लग्न होऊन आली तं मले नवं काही शिकावंच लागलं नाई, माहे मालक मशीनवर कापूस पिंजत अन मी रजईले दोरे घालत बसलेली, नाकातोंडात कापूस जाते, खोकला तं घरातलाच झाला. दोन लेकरं, मोठी नसरीन अन तिच्या मांगं लय दिवसानं झालेला इरफान. घरात आमी मराठीच बोलतो, पण अम्मी, अब्बा, अन मोठ्या बहिणीले आपा म्हणायची रीत.

नसरीन हुशार. तुमची रजई होईस्तोवर सांगते तुमाले, बारावीचे तिचे मार्क पाहून मोहल्ल्यातले लोक घरी आले, म्हणे पोरीले कम्प्युटर इंजिनिअर करा, मोठं पॅकेज भेटते. पॅकेज म्हंजे काय हे आमाले मालूम नोतं, अन बोलणाऱ्याले तरी कुठं मालूम होतं. अमरावतीच्या एका खाजगी कॉलेजात सीट भेटली. तठच्या बाईनं भिंतीवरचे फोटो दाखवले, हा पोट्टा बंगलोरले आहे, ही पोट्टी अमेरिकेले गेली. मालक म्हणले, आपल्या पोरीचाबी फोटो लागन अठी. बँकेचं कर्ज काढलं, सही करतानी हसून राहिले होते, मले अजून दिसते ते हसणं.

शिकली, चांगली पास झाली. पण कंपन्या आल्या त्या मोजक्या पोट्ट्यायले घेऊन गेल्या अन बाकीचे तसेच राह्यले. नसरीन पुण्याले गेली, एका खोलीत चौघीजणी, वरून आणखी एक क्लास लावला, तो संपला तरी काम नाई, अन बँकेचा हप्ता तं कोणासाठी थांबत नाई. मंग फोनवर लोकायच्या तक्रारी ऐकायचं काम धरलं. पगार येते, अर्धा हप्त्यात जाते, उरला तो खोलीभाड्यात. मांगचे थकलेले हप्ते भरायले मालकानं पिंजायची मशीन विकली, आता दुसऱ्याच्या दुकानात गाद्या भरतात. अकोल्याचं एक स्थळ आलं होतं तिले, भले लोक होते, त्यायनं येवढंच इचारलं, लग्नानंतर हप्ता कोण भरन. नसरीन सोताच म्हणाली, मीच भरीन, माह्या पगारातून. मंग ते लोक पुन्हा आले नाई.

अन मंग इरफान बारावी झाला. हा तं तिच्याहून हुशार, डोकं सारं कम्प्युटरातच, दुसरं काही सुचतच नाई त्याले. पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजात सीट भेटली, फी मात्र आपाच्याहून जास्त. मालक म्हणले, एकीले शिकवलं, मंग याले नाई कसं म्हणू, काढू पुन्हा कर्ज. नसरीनले फोनवर समजलं तं दुसऱ्याच दिवशी घरी येऊन उभी, खांद्यावरची बॅग बी उतरवली नाई, म्हणे, अब्बा, सही करू नका.

इरफान भडकला. तुले नाई जमलं म्हणून मलेबी नाई जमन काय. मी म्हणलं, अरे, आपासंग असं बोलतात काय. पण नसरीन रागावली नाई, म्हणे, चाल माह्यासंग अमरावतीले. तिच्यासंग शिकलेल्या पोट्टे-पोट्ट्यायकडं घेऊन गेली त्याले, घरी, दुकानी, दिवसभर. म्हणे, भिंतीवर ज्यायचे फोटो लागले नाई त्यायले भेट, इचार त्यायले हातात किती येते अन बँकेत किती जाते. एक मोबाईलच्या दुकानात बसते, एक घरी शिकवण्या घेते. एक पोट्टा मात्र चांगल्या कंपनीत लागलेला, कर्ज फेडून मोकळा, सुट्टीवर आला होता, त्याच्याकडंही नेलं, लपवलं नाई तिनं. त्यालेच इचारलं, तुह्या लहान भावाले पाठवशीन काय कर्ज काढून. तो म्हणे, नोकरी नाई लागली तं सांभाळणारं मांगं कोणी असन, तं पाठवीन.

त्या दिवशी इरफान जेवला नाई. सकाळी अब्बाले म्हणे, नाई जात मी. अकोल्याच्या सरकारी कॉलेजात बीएस्सीले नाव टाकलं, रोज एसटीनं जाते-येते. पण आपासंग बोलणं बंद. तिचा फोन आला की चपला घालून बाहेर जाते. ती त्याच्या एसटीच्या पासाचे पैसे पाठवते, ते तो घेते, पण बोलत नाई. त्याच्यासंगचा एक पोट्टा गेला त्याच पुण्याच्या कॉलेजात, त्याचं कसं चालू आहे हे इचारायची मले हिंमत होत नाई. चांगलं चालू असन तं इरफानले काय वाटन, अन वाईट चालू असन तं तरी आपण खुश व्हावं काय.

औंदाच्या ईदले नसरीन आली होती. परत जातानी सामान जड झालं, मी म्हणलं इरफान, चाल आमच्यासंग स्टँडवर. आला, मुकाट्यानं. गाडी लागली अन तो एकदम म्हणे, आपा, खरं सांग, मले जमलं असतं ना? ती म्हणे, तुले जमलं असतं रे. मीच भेली. त्यानं सामान वर चढवून देलं, तिच्या खिडकीखाली उभा राह्यला, अन गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तठून हलला नाई.

मले कोणी इचारलं बरोबर कोणाचं, तं काय सांगू, दोघंबी माह्याच पोटचे. तिचे हप्ते अजून चालू आहेत, याचं शिक्षण चालू आहे, मी दोरे घालून राहिली. तुमची नात औंदा बारावीले आहे म्हणता ना? शिकवा तिले, नाई म्हणू नका. अल्ला तिच्या मनासारखं करो, अन तिच्या शिकण्यापायी घरातल्या कोणावर कोणाशी बोलणं सोडायची पाळी न येवो.