परतीच्या माणसाला जिना नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, म्हणजेच आपल्या केंद्राचे संचालक साहेब, आरोग्य खात्यातून मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख अतिथी, व्यासपीठावर मानाची खुर्ची मांडलेली असूनही खाली पहिल्या रांगेत बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या बाई, माझे सहकारी, आणि मागच्या दारापाशी उभे असलेले, ज्यांना खुर्ची मिळाली नाही की चहाचा वास आला हे इथून कळत नाही, असे माझे मित्रहो,

सत्कारमूर्ती खाली आणि आम्ही वर, हे चित्र बरं दिसत नाही. कारण साधं आहे. या व्यासपीठाला तीन पायऱ्या आहेत आणि बाईंचे गुडघे आता पायऱ्यांचं नाव काढू देत नाहीत. ज्यांनी उभा जन्म दुसऱ्यांना चालायला शिकवण्यात घालवला, त्यांचेच गुडघे! दैव कधीकधी फार वाईट विनोद करतं.

माझी ओळख सूत्रसंचालकांनी 'आपले पाहुणे' अशी करून दिली. नव्या मंडळींना वाटलं असेल, कुठून आलेत हे पाहुणे? तर मी दूरच्या एका ताऱ्याभोवतीच्या वस्तीतला. जन्म तिकडचा, शिक्षण तिकडचं, लग्न तिकडचं. तिकडे दारांना हवाबंद रबर बसवायचं काम करायचो, इकडे साधी दारं बसवतो. या सभागृहाचंही दार मीच बसवलंय. ते कुरकुरतं, ते मलाही ऐकू येतं. बघतो उद्या.

माझे वडील मात्र इथले. जग सोडून जाताना म्हणाले, "माझी ताई पृथ्वीवर एकटी आहे रे. एकदा जाऊन तिला भेटून ये." म्हणून मी आत्याला भेटायला महिनाभरासाठी आलो. निघताना माझी चार वर्षांची लेक चित्रांचं पुस्तक घेऊन आली. त्यात एका जिन्याचं चित्र होतं. आमच्याकडे माणसाला वजन नावापुरतं. वर जायचं तर पायाने जरासा रेटा दिला की पोचलात. तिने विचारलं, "बाबा, हे काय?" म्हटलं, "जिना. पृथ्वीवरची माणसं यावरून वर जातात." "उडत का नाहीत?" "जड असतात गं ती." तिने चित्रातल्या पायऱ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मग तू चढून बघ, आणि कसं वाटतं ते मला सांग."

एवढं एकच काम तिने मला सांगितलं होतं.

इथे उतरलो आणि जमिनीला चिकटलो. हाताचं बोट उचलायचं तरी घाम फुटायचा. या केंद्रात, तिकडून आलेल्यांना चालायला शिकवतात त्या दालनात, मला बाईंसमोर आणून ठेवलं, अक्षरशः ठेवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या पाहुणे. परतीचे की राहणारे?" तेव्हापासून मी पाहुणे.

आणि इथेच बाईंचा नियम आडवा आला. येणाऱ्यांत दोन जाती असत: परतीचे आणि राहणारे. राहणाऱ्यांना सगळं शिकवायचं. परतीच्यांना बसणं, उठणं, सपाटीवर चालणं, बस्स. जिना चढण्याइतकं बळ अंगात आलं की तिकडे परतल्यावर शरीर बंड करतं, म्हणून परतीच्या माणसाला जिना नाही. मी रोज मागे लागायचो. "बाई, एक पायरी?" "अर्धीसुद्धा नाही." "बाई, लेकीला सांगायचंय हो." "तिला सांगा, बाई खाष्ट होती." सगळं दालन हसायचं. घरी आत्या वेगळंच ऐकवायची: "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई!" असं म्हणायची आणि पानात आणखी वाढायची.

मग ताऱ्यांमधली ती जवळची वाट मिटली. त्याबद्दल तुम्हाला मी काय सांगावं? यानं ज्या वाटेने यायची-जायची ती एके दिवशी बंद झाली. निरोपही तिथूनच यायचे. नुसत्या आकाशातून हाक मारायची तर ती पोचायला कित्येक पिढ्या लागतील. सरकारने जाहीर केलं, "वाहतूक तात्पुरती बंद आहे." तात्पुरती या शब्दाला मी किती घट्ट धरून होतो म्हणून सांगू! रोज दालनात यायचो, सपाटीवर चालायचो, हट्ट करायचो. "बाई, एक पायरी?" आणि बाई म्हणायच्या, "परतीच्या माणसाला जिना नाही." ते ऐकलं की माझा दिवस बरा जायचा.

असे बरेच महिने गेले. एका सकाळी मी आलो तर बाई नेहमीसारख्या धरून चालायच्या दांड्यांपाशी नव्हत्या. कोपऱ्यातल्या जिन्यापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "चला पाहुणे. आज जिना."

मंडळी, वाट बंद झाल्याची बातमी तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकली असेल. मला ती या चार शब्दांत कळली. ज्यासाठी रोज हट्ट धरला ते मिळालं, आणि ते मला नको झालं. मी खाली बसलो. म्हटलं, "बाई, मी परतीचा आहे." मी पुन्हा म्हटलं. मग मी रडलो. मोठ्याने रडलो, सगळ्यांसमोर. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

बाई पहिल्या पायरीवर माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "माझी मुलगी तिकडेच आहे. जावयांबरोबर गेली."

इतक्या महिन्यांत आमच्यापैकी कुणालाही हे ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. "तुम्ही तिकडचे. मला सांगा, ती बसते कशी? जेवते कशी? झोपताना पांघरूण उडून जात असेल का हो? लहानपणापासून पांघरूण लाथाडायची सवय आहे तिला." आयुष्यभर तिकडच्या माणसांना इकडचं चालणं शिकवलं, पण तिकडे कसं राहतात हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटायची, म्हणाल्या. मी सांगितलं की पांघरुणाला पट्टे असतात. इथली माणसं नवीन आली की त्यांची डोकी छताला आपटतात, म्हणून आम्ही त्यांना कमरेला धरून फिरवतो. त्यांनी विचारलं, "तिला धरलं असेल ना कुणी?" मी म्हटलं, "धरलं असेल, बाई. आमच्याकडे नव्या माणसाला एकटं सोडत नाहीत."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या कोपराखाली हात घातला. हात धरला की माणूस रेलतो आणि कोपर धरलं की चालतो, असं त्या आम्हाला नेहमी सांगतात. म्हणाल्या, "उठा."

वर पाहिलं तर जिन्याच्या टोकाला खुर्ची टाकून आत्या बसलेली! बाईंनी तिला सकाळीच बोलावून घेतलं होतं. नंतर कारण विचारलं, तर म्हणाल्या, "रिकाम्या जिन्यावर कुणाला चढवायचं नसतं. वर कुणीतरी हवं." मी चढलो. कसा चढलो ते विचारू नका. आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "आलास बाबा." आत्या आता नाही. तो हात अजून पाठीवर आहे.

माझ्यासारखे अडकलेले सगळे त्याच जिन्यावरून वर गेले, कुणी चिडून, कुणी मुकाट्याने. दालन हळूहळू रिकामं झालं. गेली काही वर्षं तिथे बाई आणि मी दोघंच असतो. त्या शिकवतात आणि मी शिकतो, शिकवायचं कसं ते. शिकायला दुसरं कुणी नसल्यामुळे मीच पाहुणा होतो आणि मीच मास्तर.

आता थोडं अवघड बोलतो. बाई निवृत्त झाल्या की पुढच्या महिन्यापासून त्या दालनात जुन्या खाटा ठेवायच्या, असं ठरलंय. साहेब मला आपुलकीने म्हणाले, "पाहुणे, आता कोण येणार आहे?" साहेब, तुमचं बरोबर असेल. पण ती वाट का मिटली हे कुणाला सांगता आलं नाही. मग ती उघडणार नाही, हे कुणी सांगितलं? माझी लेक आता चांगली मोठी बाई झाली असेल. ती आली, बाईंची मुलगी पोराबाळांना घेऊन आली, तर ती सगळी दारातच जमिनीला चिकटतील. तेव्हा त्यांना काय म्हणायचं? जरा थांबा, खाटा बाहेर काढतो?

मी लेकीसाठी उत्तर तयार ठेवलंय. लेकी, जिना चढताना पाय जड होतात, छाती भरून येते, आणि वर पोचल्यावर तिथे कुणीतरी असावं असं वाटतं. बाकी काही नाही. एवढंच वाटतं.

केंद्राने मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. चहा निवत असल्याबद्दल मागच्या मंडळींची क्षमा मागतो. बोलताना कुठे तोल गेला असेल, तर बाई, नेहमीसारखं कोपराला धरून सावरून घ्या.

पुष्पगुच्छ आम्ही खाली आणून देणार होतो. ते काही मला पटत नाही. मी खाली येतो, बाईंचं कोपर मी धरेन, तीनच तर पायऱ्या आहेत. अध्यक्ष महोदय, एक विनंती. आपण पायऱ्यांच्या टोकाशी येऊन उभे राहाल का? बाईंचा नियम आपल्याला आता ठाऊक झाला आहे.

साहेब उठले. आभारी आहे, साहेब.

चला, बाई. आज जिना.