फ्रिजमध्ये वीस मिनिटं

दवाखान्याच्या बाकावर पत्नीची वाट पाहणाऱ्या एका निवृत्त आरेखकांच्या (ड्राफ्ट्समनच्या) शेजारी एक नणंद जवळच बसलेल्या वहिनीची प्रश्नावली पेन्सिलीने भरत होती. वर ठळक छापले होते : ‘एंडोमेट्रिऑसिस – हार्मोनच्या गोळ्या घेताना तुमचे जगणे कसे आहे?’

“वहिनी, ओटीपोटात दुखतं?”

“आता कधीच नाही.”

“अंगातून वाफा निघतात?”

“कधीच नाही.”

“काल फ्रिजमध्ये डोकं घालून फोनवर बोलत होतात.”

“भाजी शोधत होते.”

“अर्धा तास? बरं, पुढचा प्रश्न. चिडचिड?”

“नाही लिही. पुन्हा विचारलंस तर हा कागद तुला खायला घालीन.”

“खोटं कशाला?”

“खरं लिहिलं तर डॉक्टरीणबाई गोळी बंद करतील. मग पुन्हा दर महिन्याला चार दिवस बाथरूमच्या फरशीवर लोळायचं. त्यापेक्षा फ्रिज परवडला.”

“तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता ना? रहिवासी म्हणाले, सगळं झकास चाललंय, तर?”

“तर चहा पिऊन परत येते.”

“आणि खडखडतेय म्हणाले, तर लिफ्ट कायमची बंद करता?”

आरेखकांनी खिशातला खोडरबर बाकावरून पुढे सरकवला.

“घ्या, काकांनीसुद्धा ऐकलं,” वहिनी म्हणाल्या. “खोड सगळं. दुखत नाही, तेवढं राहू दे. आणि फ्रिजचं नीट लिही. अर्धा तास नव्हता, वीस मिनिटं.”