शुद्ध चंदा

घ्या, पुन्हा मलेच उभं केलं! गावात दुसऱ्या कोनाची फजिती झालीच नाही काय जी? सांगाले लाज वाटते, अन् तुमी म्हनता, महागूबाबा, सांगा! सांगतो... पन आधी बोला, शुद्ध म्हनजे शुद्धच ना?

झालं काय, शाळेच्या नव्या खोलीचं गावजेवन ठरलं, घरोघरचे तांदूळ गोळा कराचं काम माह्याकडे. त्याच सकाळी आमचे खेमराज गुरुजी पेपर वाचून राह्यलते, हिंदीत, नाकातून, "राष्ट्रसंघ के खजाने में हर देश का शुद्ध अंशदान..." मी म्हटलं, अंशदान काय जी? "चंदा, बाबा! सारे देश मिळून एक खजिना चालवतात, ज्याची कमाई मोठी त्याचा चंदा मोठा." अन् शुद्ध? तं घंटी वाजली, गुरुजी पळाले! मी दुसरी नापास मानूस, शुद्ध म्हनजे शुद्धच ना? मले वाटलं, एवढाले देश चंदा सोवळ्यात घेतात, मंग आपन काहून नाही?

तेवढ्यात पुनाराम आला. बौद्धपुऱ्यातला, माह्या बांधाले त्याचा बांध. दोन पायल्या चिन्नोर तांदूळ आनला, वासानं ओसरी भरली! अन् मी... याच तोंडानं... म्हटलं, "तुहा तांदूळ अलग ठेव. शुद्ध चंदा पाह्यजे, पेपरात आलं हाय." त्यानं पोतं कोपऱ्यात ठेवलं, "बरं भाऊ" म्हने, गेला. जेवाले तो आला नाही, त्याची जिजाबाई नाही, लेकरं नाही.

पंगतीत गुरुजीले हे सांगतलं तं ते असे हसले का वरन नाकात गेलं! "अहो बाबा, शुद्ध म्हनजे निव्वळ! देशानं दिलं किती, त्यातून दवाई, दूध-पावडर, जे परत भेटलं ते वजा करा, उरलं ते शुद्ध!" साऱ्या गावासमोर! मी मान खाली घालून म्हटलं, वाढा भात, वास बाकी झकास हाय. तं माह्यीच घरवाली चंपाबाई म्हन्ते कशी, "कोपऱ्यातलं पोतं शिजवलं आमी, पुनारामचा चिन्नोर हाय तो! तुमी दिल्या चार पायल्या, घरचे नऊ जन जेवून राह्यलो, वरून गंजभर भात घरी गेला. त्यानं दिल्या दोन, खाल्लं शीतही नाही. करा वजा! शुद्ध कोनाचा जी?"

घास तोंडात... गिळवेना, थुकवेना.

माफी मागाची हाय मले पुनारामची, हौ, मागाची हाय! रोज बांधापर्यंत जातो, अन् बैलाले शिव्या देऊन वापस येतो. पन शब्द अर्ध्यात टाकून पळनाऱ्यानं आधी माह्यी माफी मागाले नको काय? तीन वर्ष झाले, वाट पाहून राह्यलो... कोनाची म्हन्ता? खेमराज गुरुजीची!