सकाळच्या घाईतली वेणी

झालं भेटून? दिल्या वह्या? बोलली काही बबडी? — नाही बोलणार, अंगात ताप आहे ना. मी म्हटलंच होतं, बाई, कशाला आत जाताय, पण वर्गाच्या बाई स्वतः घरी आल्यावर नाही तरी कसं म्हणायचं! बसा. त्या खुर्चीवर नको, तिची स्प्रिंग वर आलीय, टोचेल — सोफ्यावर बसा. गिऱ्हाइकाचा आहे, वरचं कापड लावायचंय अजून, पण बसा हो. आमचं दुकान काय नि घर काय, मध्ये एक दार, बास. हां, तर वेण्यांचं विचारत होतात तुम्ही. शाळेत फळ्यावर लावायचंय म्हणालात ना — मोठ्या मुलींना सकाळच्या घाईत घालता येतील अशा सोप्या वेण्या. आणि विचारायला आलात कुणाकडे, तर सोफे शिवणाऱ्या बाप्याकडे! हसा, हसा, मलाही हसू येतं. पण खरं सांगा, तुमच्या अख्ख्या वर्गात आमच्या बबडीइतकं नेटकं डोकं आहे का दुसऱ्या कुणाचं? संध्याकाळपर्यंत एक केस हलत नाही. काय बिशाद आहे!

हे बघा, हा काथ्या. सोफ्यात भरतो तोच. जुडी केली, खुर्चीच्या पाठीला बांधली — समजा हे पोरीचं डोकं. आता भांग. लोक शेपटीच्या कंगव्याने काढतात, मी या सुईने काढतो. वीतभर आहे, जाड कापडातून आरपार जाते. कपाळापासून मानेपर्यंत एक सरळ रेघ — असा भांग तुम्हाला पार्लरमध्ये मिळायचा नाही. टोचते का? मान हलवली तर टोचते. म्हणून तर मान हलत नाही! पहिल्या महिन्यात रडारड झाली, थोडं रक्त आलं, मग आपोआप सवय झाली. पोरींना काय, एकदा कळलं की कळतं. — लिहून घ्या ना, नुसत्या बघत काय बसलात? एक : खाली मानेशी पोनी बांधायची, त्यातलीच एक बट काढून रबरावर गुंडाळायची, खालून पिन खोचायची, झालं, चहा उकळेपर्यंत पोरगी तयार. दोन : दोन वेण्या, पण कानामागून सुरू करायच्या, आणि पहिला पेड असा आवळायचा — असा — की भुवया वर गेल्या पाहिजेत. सैल वेणी म्हणजे सैल पोरगी, मी सरळ बोलतो, राग मानू नका. तीन : खेळाच्या तासाच्या दिवशी सागरवेणी, दर पेडाला बाजूचे केस घेत घेत उतरायचं. नि ते अर्धे केस क्लिपमध्ये नि अर्धे पाठीवर मोकळे, ते काही लिहू नका तुमच्या फळ्यावर. मोकळे केस कुणाला दाखवायचेत शाळेत? त्या समोरच्या इस्त्रीवाल्याला? तो बघत होता एकदा, दुकानाच्या फळीवर उभा राहून. मी याच हाताने त्याची मान धरून गरम इस्त्रीपाशी नेली — लावली नाही हो, नुसती नेली, गालाला धग लागेपर्यंत. त्या दिवसापासून आमच्या दारावरून जाताना बेट्याची मान खाली असते.

काय म्हणालात? कानामागे? कानामागे काय? — अच्छा, तो चट्टा. चाई पडलीय तिला, तेवढ्या जागचे केस गळतात. तिनेही तेच सांगितलं ना तुम्हाला? सांगणारच, मी सांगून ठेवलंय — म्हणजे, समजावून ठेवलंय, आजार आहे, लाजायचं नाही म्हणून. आता चाई अशी टरारून सुजत नाही म्हणता? तुम्ही डॉक्टर आहात का? भूगोल शिकवता ना तुम्ही? बरं, ऐका मग, उगाच भलतंसलतं डोक्यात नको. मी वेणी घालत होतो, ती म्हणाली, बाबा, मी घालते आता माझी माझी, नि उठायला गेली. वेणी माझ्या मुठीत. ती पुढे, मूठ मागे — केस हातात आले त्याला मी काय करू? मी ओढले का? तीच उठली! आणि तोल गेला तिचा, शिलाई मशीनच्या कडेवर आपटली. खोक पडली म्हणून फडकं बांधलं मीच. कोण बांधणार दुसरं? आई आहे का घरात?

आई नाही, हे तर ठाऊकच आहे तुम्हाला. वारली असं शाळेत सांगितलंय, पण आता घरापर्यंत आलाच आहात तर — वारली बिरली नाही, पळाली. तिचे केस पाहायला हवे होते तुम्ही, कमरेच्या खाली! मनगटाला दोन वेढे घ्यायचो मी, कुठे जाईल? भांडण झालं की दोन वेढे, नि मग काय बोलायचं ते शांतपणे बोलायचं. तर या बाईने काय करावं? माझीच कापड कापायची कात्री घेतली, केस मुळापासून उतरवले नि गेली. तेव्हापासून कात्र्या कुलपात. पण पोरीला मी वाढवलं, बाई. या हातांना खिळे ठोकायची सवय, त्या हातांनी मी रिबिनीची फुलं करायला शिकलो. जीव आहे माझा तिच्यावर. रोज सकाळी ती पुढ्यात बसते, डोक्याला तेलाचा वास येतो, तेवढी वीस मिनिटं मला वाटतं, आपलं काही बिघडलेलं नाही.

म्हणून तर एवढा संताप झाला परवा. सांगतोच. वेणीच्या शेवटाला मी रबर लावत नाही. सोफ्याच्या बटणाला जी गाठ मारतात ना, मेणाच्या दोऱ्याची, ती मारतो. ती आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय कुणाला मारता येत नाही. संध्याकाळी आली की आधी गाठ बघायची. गाठ शाबूत, तर पोरगी शाबूत. आणि परवा ही येते काय, तर वेणीला निळं रबर! मी विचारलं, कुणी सोडली? मैत्रिणीने. कुठल्या? गप्प. नाव सांग. गप्प. मग माझं डोकं फिरलं. फिरणार नाही? पट्टी हाताला लागली, कापड मोजायची, लोखंडी — पहिल्यांदा पाठीत घातली, मग हात मध्ये आणला तिने, तो लागला. तरी नाव सांगेना! एवढा मार खाऊन कोणत्या मैत्रिणीचं नाव लपवतं माणूस? शेवटी मीच दमलो, भिंतीला टेकून बसलो.

— बाई? रडताय कशाला? माझी पोरगी, मार तिने खाल्ला, नि तुम्ही — थांबा. वर बघा. तुमच्या केसांना काय लावलंय? निळं आहे ना ते? तुम्ही सोडली वेणी? चट्टा बघायला सोडली, नि पुन्हा घातलीत, शहाणपणा करून, नि वाटलं तुम्हाला, बापाला काय कळतंय! म्हणजे ती पट्टी तुमच्यापायी खाल्ली तिने, बाई. तुमचं नाव वाचवायला! आता रडून काय उपयोग? मी मारलं म्हणता, पण मारायला लावलं कुणी?

बसा. उठू नका. अजून बोलणं संपलं नाही माझं. काय? हे मनगटाला? सुतळी आहे. दाराच्या फटीतून आत गेलीय, दुसरं टोक तिच्या वेणीला. ताप असला, झोपली असली, की बांधतो — मागचं दार आहे ना त्या खोलीला, गल्लीत उघडतं. एक हिसका दिला की ती परत एक हिसका देते, म्हणजे आहे. हाकाबिका मारायला नको, कामात खोटी नको. बघा, तुमच्यासमोर देतो. — दिला. — झोपली वाटतं. — बबडे! अगं ए! — अजून एक. — हे काय? सैल येतेय. येतेय, येतेय... पाय उचला जरा त्या सुतळीवरून... बाई.

बाई, ही वेणी आहे.

नुसती वेणीच आलीय.

कात्री कुठून मिळाली तिला? या घरातली एकूण एक कात्री कुलपात आहे. तुम्हीच नेलीत ना आत, वह्यांच्या पिशवीतून? आणि मग इथे बसून पोनी विचारता, सागरवेणी विचारता, मला गुंगवता — गल्लीत कोण आहे? कुणाबरोबर पाठवलीत? तिची मावशी? बोला! तोंड उघडा नाहीतर ही सुई — बाजूला व्हा दारातून. बाजूला व्हा म्हणतो ना! तुम्ही माझ्या दाराला पाठ लावून उभ्या राहणार? माझ्या? तुमची ती वेणी मुठीत धरायला किती वेळ लागेल मला, ठाऊक आहे? कुणाला हाका मारताय? मारा! इस्त्रीवाला येईल? तो? येऊ दे, येऊ दे त्याला आत —

हा आला की. तूही? आणि त्या कोण बायका मागे? हात लावू नका मला. सोडा! अरे, माझी पोरगी आहे ती, उद्या सकाळी तिची वेणी कोण — ऐका ना. बाई, ऐका. तिला सांगा, गाठ नाही मारणार. सुईसुद्धा नको. सैल घालेन. तिला सांगाल ना एवढं?

नाही? मग चालत्या व्हा इथून. व्हा चालत्या!