ज्याचा माल त्याला

मंडळी, ऐका! साधा सवाल आहे. घर फोडलं तर चोर, खिसा कापला तर चोर — पण दुसऱ्याचं गाणं आपल्या नावावर गायलं तर? अहो, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो!

असाच एक शाहीर, माणदेशातला भैरव लोहार. आवाज असा, की माईक बंद पडला तरी जत्रा जागची हलायची नाही! त्याला घडवलं सावळा गुरवानं — आपल्या ताटातली भाकरी घालून. सावळा पदं रचायचा आणि रीतीप्रमाणे शेवटच्या चरणात आपलं नाव घालायचा:

सावळा म्हणे, मी नुसता हमाल,
ज्याचा माल त्याला पोचवा खुशाल!

सावळा वारला. पुढं भैरवाला रेडिओचं बोलावणं आलं. तिथं सावळ्याचंच पद गाताना शेवटचा चरण आला आणि जीभ वळली — 'भैरव म्हणे'! तिकडं तीन अक्षरं, इकडं तीन अक्षरं. चपखल बसलं! पाप करताना माणूस ताल चुकत नाही, मंडळी!

मग काय! कॅसेटी निघाल्या, गावोगावच्या सुपाऱ्या आल्या. वीस वर्षं हमालानं माल घरातच ठेवला! फक्त सावळ्याच्या गावी जायचं तो टाळायचा. शेवटी सावळ्याच्या बायकोचा, हौसाबाईचा निरोप आला, "भैरू, डोळं गेलं. कान हायती तवर धन्याचं गाणं ऐकीव."

निघाला बिचारा त्या गावाला. भर दुपारची जत्रा, पुढ्यात म्हातारी. गाता गाता शेवटचा चरण आला. 'भैरव' म्हणावं तर हौसाबाईपुढं चोर, 'सावळा' म्हणावं तर साऱ्या जत्रेपुढं चोर! तुम्ही काय केलं असतं? बघा, सगळे खाली बघायला लागले!

भैरवानं डफावर थाप मारली — "सावळा म्हणे!"

गर्दीतून लोक ओरडले, "शाहीर, नाव चुकलं!"

"आज न्हाई चुकलं! ईस वरसं चुकत हुतं! गाणं माझ्या उस्तादाचं, मी चोरलं!"

म्हातारी रडत हसली, "आत्ता बसलं बघ, लेकरा! म्हण फिरून."

आणि भैरव गायला — असा कधीच गायला नव्हता!

मंडळी, 'पोरगं मी शिकवलं, मळा मी पिकवला' म्हणता ना? त्या चरणात खरं नाव कुणाचं? हसू नका! हे आख्यान मला दिलं माझ्या गुरूंनी, केशवबुवा टाकळकरांनी. अकरा वर्षं 'आमचं आख्यान' म्हणून सांगतोय मी! आज माल पोचवला. आता ज्यानं तुम्हाला घडवलं त्याचं नाव घ्या — मोठ्यानं! विठ्ठलाचं नाव मागनं घ्या; तो त्याच्यामागंच उभा आहे, त्याला घाई नाही.