आधी हिला घ्या

डॉ. रोहिणी : असं नाही, मावशी. टेम्पो उलटलाय, तुम्हाला लागलंय, असं समजा आणि ओरडा.

शेवंताबाई : मी नही वरडाव, म्याडम. चुपचाप पडी राहसू.

डॉ. रोहिणी : अहो, एकदम इतके जखमी आले तर हे रुग्णालय कसं सावरतं, ते बघायलाच मी धुळ्याहून आलेय. बाकीचे बघा कसे विव्हळताहेत.

शेवंताबाई : वरडू द्या त्यासले. जो वरडस, त्यानाकडे बठ्ठा पळतस. जो वरडत नही, त्यानाकडे कोन जास, ते दखा ना.

सरिता : मॅडम, यांना नका घेऊ. शेवंतामावशी, तुम्हाला कुणी बोलावलं आज?

शेवंताबाई : पंचायतना भोंगावर सांगं ना, खोटा जखमी पाहिजेत म्हनीसन. मी उनू.

डॉ. रोहिणी : सिस्टर, काय झालंय?

सरिता : मागच्या वर्षी पद्मालयाच्या दर्शनाहून येणारा टेम्पो खरंच उलटला, मॅडम. सगळी माणसं एकदम आमच्या दारात. डॉक्टर एकटे, मी एकटी. रक्त दिसेल तिकडे धावत होतो. यांची लेक दिपमाला…

शेवंताबाई : आठेच, बाकवर बठेल व्हती. आंगवर खरचटा सुदिक नही. मी म्हनं, सिस्टरले बलावू का? ती म्हने, 'माय, त्यासले पयले दखू दे. मी बरी शे.' शहरम्हा, मेहरूणले खोली करीसन कॉलेज शिके, म्याडम. स्वभावच तसा. मंग म्हने, तहान लागनी. मी पानी लिसन उनू, तवर मान टाकेल व्हती.

सरिता : पोटात रक्तस्राव होत होता. आतल्या आत.

शेवंताबाई : तुमले नही बोलस मी, सिस्टर. तुम्ही बी रडनात त्या दिन.

डॉ. रोहिणी : मावशी… गप्प पडलेल्याकडे आधी जायचं, हेच शिकवतो आम्ही. ओरडणाऱ्याचा निदान श्वास तरी चालू असतो.

शेवंताबाई : आठे कोनी शिकाडं नव्हतं?

सरिता : नव्हतं, मावशी. आत्ता शिकवलं.

शेवंताबाई : मंग मी पडस आठे. वाजाडा तुम्हनी शिट्टी.

(शिट्टी वाजते. एकच आरडाओरडा. शेवंताबाई डोळे मिटून बाकावर पडून आहे. सरिता ओरडणाऱ्यांना ओलांडून तिच्याकडे येते.)

सरिता : ऐकू येतंय का? नाव सांगा. नाव काय?

शेवंताबाई : दिपमाला.

सरिता : …कुठं दुखतंय, दिपमाला?

शेवंताबाई : पोटम्हा.

सरिता : नाडी फार जलद आहे. लाल फीत द्या, सगळ्यात आधीची! स्ट्रेचर इकडे आणा, आधी हिला घ्या!

डॉ. रोहिणी : बरोबर. अगदी बरोबर, सिस्टर. झालं मावशी, उठा आता.

शेवंताबाई : नका उठाडू, म्याडम. तिले आंदर तं लिसन जाऊ द्या.